माझ्या पोटातली तारीख

मंगळवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. जेनोआ बंदरासमोरचं संग्रहालय, दुसरा मजला. एका म्हातारीनं छत्रीच्या मुठीनं काचेची पेटी ठोठावली आणि पहारेकरी धावत आला. त्या पेटीतली गिटार मी. वर्तमानपत्रांनी 'वृद्धेचा गोंधळ' एवढंच छापलं, म्हणून मलाच तोंड उघडावं लागतंय.

माझा जन्म दूर सिसिलीतल्या कतानिया शहरातला. स्वस्तातली, मान जराशी वाकडी. जेनोआच्या गोदीतल्या क्रेनवाल्याच्या मुलानं, नेवियो त्राव्हेर्सोनं, मला निवडलं. त्याला स्वरलिपी लिहिता येत नसे, पण जहाजाचा भोंगा कोणत्या सुरात वाजतो ते तो झोपेतही सांगे.

१९ नोव्हेंबर १९६४. नेवियो स्वयंपाकघरात 'क्रेनवाल्याचा रविवार' हे गाणं रचत होता. बहीण देल्फिना चण्याच्या पिठाचा फारिनाता कापत होती.

"अरे, पुन्हा तेच कडवं? शेजारच्यांचा पोपटसुद्धा शिकला!"

"मग झालं तर गाणं!" तो हसला. माझ्या तारा सैल करून, पोटाच्या भोकातून पेन्सिल घालून त्यानं आत चिकटवलेल्या कारखान्याच्या चिठ्ठीवर गाण्याचं नाव आणि तारीख लिहून सही केली.

तेव्हा संगीतकारांच्या रजिस्टरात चालीवर स्वतःचं नाव लावायचं तर रोमला परीक्षा द्यावी लागे. सूर कागदावर उतरवायचे, वाद्य दाराबाहेर. निघताना देल्फिना म्हणाली, "जा, लांडग्याच्या तोंडात!" ही आमच्याकडची शुभेच्छा; यावर 'मरो लांडगा' म्हणायचं, आभार मानले की अपशकुन, हे शेंबडं पोरही जाणतं. हा गडबडीत म्हणाला, "आभारी आहे." मी बाहेर बाकावर बसले, तो आत नापास झाला.

"लांडग्याचे आभार मानलेस ना? भोग आता!" हे देल्फिनानं त्याला जन्मभर ऐकवलं.

पुढच्या एप्रिलमध्ये परीक्षा पास असलेले संगीतकार मास्त्रो, म्हणजे उस्ताद, बोनफान्ती भेटले. त्यांनी गाणं ऐकून कागदावर उतरवलं. "संगीतकार म्हणून तात्पुरतं माझं नाव घालू. तू पास झालास की बदलू."

गाणं देशभर गाजलं. नेवियो मोठा झाला, आणि खरोखर मोठा. बड्या महोत्सवाचं बोलावणं आलं त्या आठवड्यात तो संपावरच्या गोदी कामगारांसमोर गात होता. "महोत्सव पुढच्या वर्षीही येईल," म्हणाला. गाण्यातली मालकांवरची ओळ गाळा म्हणणाऱ्यांना त्यानं ती दोनदा गाऊन दाखवली. मी त्याच्या छातीला लागून होते; खोटा सूर एकदाही जाणवला नाही.

तिसऱ्या खेपेला तो परीक्षा पास झाला आणि त्याच संध्याकाळी मास्त्रोंकडे गेला.

"कागद आता दफ्तरात गेलाय बाळ," मास्त्रो म्हणाले. "आणि नावात काय आहे?"

"मग तुमचं काढा की!"

दार बंद झालं. तेव्हापासून प्रत्येक मैफलीत तो म्हणे, "पुढचं गाणं मास्त्रो बोनफान्तींचं आहे म्हणे!" आणि हजारो लोक ओरडत, "तुझं!" ती आरोळी माझ्या लाकडात मुरली आहे. पण आरोळीची नोंद कुठल्या दफ्तरात होत नाही.

नेवियो गेला. मास्त्रोही गेले. मला इथं आणलं, शेजारी मास्त्रोंच्या हातचा कागद मांडला, खाली पाटी लावली: 'संगीत: गु. बोनफान्ती'. मंगळवारी देल्फिनानं ती पाटी वाचली.

"काच उघड," ती पहारेकऱ्याला म्हणाली. "गिटारीच्या पोटात बघ."

"सिन्योरा, रजिस्टरात आहे तेच आम्ही लिहितो."

"रजिस्टर वाजवून दाखव मग मला!"

तिला हाताला धरून जिन्याकडे नेण्यात आलं. काचेपलीकडून मी काय करणार? वाचणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कोणी इकडे आलात, तर एक छोटी बॅटरी तेवढी आणा.

मास्त्रोंच्या कागदावर तारीख आहे ३ एप्रिल १९६५. माझ्या पोटातली तारीख आहे १९ नोव्हेंबर १९६४. दोन्ही एकाच पेटीत आहेत, वीतभर अंतरावर. पाटी अजून तीच आहे.