दोन आठवडे वाकून

ब्रेकमास्तर बारीक झाले ते निव्वळ रागाच्या भरात, हे आधी सांगायला हवं. तब्येतीची काळजी वगैरे काही नाही. मोटार शिकवायचा त्यांचा धंदा. शिकाऊ माणसानं किल्ली फिरवायच्या आतच हे शेजारून "ब्रेक! ब्रेक!" ओरडत, म्हणून गल्लीनं ठेवलेलं हे नाव. काही वर्षांपूर्वी पुतणीच्या लग्नात थोरल्या भावानं भरल्या हॉलमध्ये हाक दिली होती, "अरे, याला बसायला दोन खुर्च्या आणा रे!" हॉल खो खो हसला. ब्रेकमास्तर ताटाला हात न लावता घरी आले.

दादाचं म्हणणं, प्लास्टिकची खुर्ची मोडून हा पडेल या काळजीनं बोललो मी. माझ्या मुलीच्या लग्नातून उपाशी उठून गेला, आता मान खाली घालून माझ्या दारात येईल तेव्हाच बोलेन. ब्रेकमास्तरांचं म्हणणं, मान मोडली तरी चालेल, वाकणार नाही. आणि हे दोघं राहतात कुठे, तर एकाच गल्लीत, समोरासमोर! या बाजूला यांचं घर, त्या बाजूला दादाचं सोफा दुरुस्तीचं दुकान. रोज सकाळी एकमेकांकडे न बघण्यासाठी दोघांना जी मेहनत पडायची, तेवढ्यात एखादा सोफा शिवून झाला असता.

तर त्या रागात मास्तरांनी गोड सोडलं, तळलेलं सोडलं, पहाटे चालायला लागले आणि बघता बघता माणूस निम्मा झाला. स्वप्न एकच होतं. शर्ट पँटमध्ये खोचून, पट्टा आवळून, ताठ मानेनं दादाच्या दुकानासमोरून एकदा चालत जायचं. पण आतली चरबी गेली तरी कातडी काही जाईना. ती पट्ट्यावर एप्रनसारखी लोंबायची. रोज सकाळी तिची घडी घालून पँटमध्ये कोंबायची, उन्हाळ्यात घडीखाली पुरळ उठायचं ते वेगळंच. गल्लीत जो तो "काय तब्येत कमावलीत!" म्हणायचा आणि मास्तर शर्ट खाली ओढत कसंनुसं हसायचे. शर्टाखाली काय आहे ते बायकोशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. कोणाला कळलं तर हा माणूस लाजेनं गल्ली सोडून गेला असता, यात शंका नाही.

शेवटी बायकोच त्यांना सर्जनबाईंकडे घेऊन गेली. बाई वयानं लेकीएवढ्या, पण बोलणं स्वच्छ. त्यांनी कागदावर पोटाचं चित्र काढलं.

"ही जास्तीची कातडी काढायची. हे वजन उतरवायचं ऑपरेशन नाही, बरं का. वजन स्थिर आहे ना?"

"काटा जागचा हलत नाही," बायको म्हणाली. "हेच रोज त्याच्यावर चढून त्याला छळतात."

"छान. व्रण राहील, या कुशीपासून त्या कुशीपर्यंत. फिका होईल, पण पुसला जाणार नाही. आतलं पाणी काढायला काही दिवस नळ्या असतील. पोटाला घट्ट पट्टा लावायचा. जड उचलायचं नाही. नुसतं पडूनही राहायचं नाही, पायात गुठळी व्हायची भीती असते, म्हणून रोज थोडं थोडं चालायचं. आणि चालायचं ते वाकून."

"वाकून?" मास्तर खुर्चीत ताठ झाले.

"टाक्यांवर ताण नको. साधारण दोन आठवडे. घाईनं सरळ झालात तर मी शिवलेलं उसवेल."

"अगदी वाकायलाच हवं का? थोडक्यात भागत असेल तर..."

"आयुष्यात कधी वाकला नाहीत का हो तुम्ही?"

यावर बायको इतकी हसली की सर्जनबाईंनी तिला पाणी आणून दिलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. घरी जायच्या दिवशी मास्तरांनी बेत पक्का केला होता. टॅक्सी थेट आपल्या दाराशी लावायची, दोन पावलांत आत, आणि दार बंद. चालायचं ते घरातल्या घरात, पलंगापासून फ्रिजपर्यंत. पण त्यांच्या दाराशी नेमका पाण्याचा टँकर उभा. टॅक्सीवाल्यानं गाडी पलीकडे घेतली आणि करकचून थांबवली ती दादाच्या दुकानाच्या पायरीला चिकटून. जन्मभर दुसऱ्यांना ब्रेक मारायला लावणारा माणूस "इथे ब्रेक नको, इथे नको!" म्हणून गयावया करत राहिला.

दादा स्टुलावर बसून एका खुर्चीला कापड ठोकत होता. तोंडात खिळे, हातात हातोडी. टॅक्सीचं दार उघडलं आणि समोर धाकटा भाऊ. कमरेत वाकलेला, मान खाली, चेहरा पांढराफटक, एक हात पोटावर.

दादाची हातोडी हवेतच राहिली. मग त्यानं घाईघाईनं खिळे थुंकले आणि ओरडला, "आलास? छोट्या, आलास तू?"

"दादा, ते..."

"बास! एवढं वाकायचं नाही रे! मी काय परका आहे? ऊठ, सरळ हो!" आणि तो मास्तरांचे खांदे धरून त्यांना वर उचलायला लागला.

"सरळ नको! दादा, सरळ करू नकोस!" मास्तर जिवाच्या आकांतानं किंचाळले.

दादाला भडभडून आलं. एवढा ताठ माणूस, आणि म्हणतो सरळ करू नकोस! समोरचा इस्त्रीवाला इस्त्री बाजूला ठेवून डोळे पुसायला लागला. टँकरवाल्यानं नळ बंद केला. तेवढ्यात दादाचं लक्ष पायरीवर सांडलेल्या खिळ्यांकडे गेलं. "अरे, तुझ्या पायात टोचतील," म्हणत तो झटकन वाकला, आणि कमरेत उसण भरून तिथेच अडकला. आता दोघं भाऊ कपाळाला कपाळ लावून वाकलेले, आणि भोवती निम्मी गल्ली.

"मोठ्या मनाचा माणूस!" इस्त्रीवाला म्हणाला. "थोरला असून तोही वाकला!"

बायकोनं आणि टँकरवाल्यानं मिळून दोघांना तसंच, कोंबडा केलेल्या पोरांसारखं, दुकानात नेलं आणि एका अर्ध्या शिवलेल्या सोफ्यावर उशा लावून टेकवलं. बायको मास्तरांच्या कानात पुटपुटली, "गप्प बसा. झालं ते आयतं बरं झालंय." आणि ती सामान उतरवून घ्यायला गेली.

मास्तर गप्प बसले. खरं तर तेवढंच करायचं होतं. पोटाची गोष्टही झाकलेली राहत होती आणि दादाही परत मिळत होता. पण दादा बोलायला लागला.

"तू वाकलास, आता माझंही ऐक. त्या दिवशी मी काळजीनं बोललो म्हणून सगळीकडे सांगत फिरलो. खोटं आहे ते. लोक हसावेत म्हणूनच बोललो. हसलेही. मग तुझं ताट तसंच..."

ही एवढी माफी ऐकण्यासाठी मास्तर इतकी वर्षं झुरले होते. आणि आता ती फुकट मिळताना घशाखाली उतरेना.

"दादा, थांब. ब्रेक! मी वाकलेलो नाही. मला वाकवलंय."

"कोणी?"

"सर्जनबाईंनी." आणि मास्तरांनी सगळं सांगून टाकलं. लोंबणारी कातडी, तिची रोजची घडी, नळ्या, टाके, सगळं. आता हा हसणार, म्हणून त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले.

हसण्याचा आवाज येईना. दादा आपल्या खालचा सोफा चाचपत होता.

"हसायचं काय त्यात?" तो म्हणाला. "आतला फोम काढला की कव्हर ढिलं पडणारच. कापून शिवावंच लागतं." मग एकाएकी त्याचा आवाज चढला. "तुला टेबलावर घेतलं तेव्हा बाहेर कोण बसलं होतं?"

"ही होती."

"एकटी?"

"हो."

"आणि मी इथे खिळे ठोकत बसलो होतो. टँकर आडवा आला नसता तर मला कळलंही नसतं!" दादा आता खरोखर रडत होता. "दोन खुर्च्यांचा राग ठेव, जन्मभर ठेव. पण पोट फाडून घेताना मला सांगायचं नाही? वाकला नाहीस ते गेलं खड्ड्यात. सांगितलं का नाहीस?"

मास्तरांनी दादाचा हात धरला. त्याहून जास्त हलायची दोघांनाही सोय नव्हती.

पुढच्या तपासणीला दादा हट्टानं बरोबर आला. त्याची उसण उतरली नव्हती, त्यामुळे दवाखान्यात दोघं एकमेकांना धरून वाकतवाकतच शिरले. नर्सनं या दोन वाकलेल्या म्हाताऱ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि विचारलं, "यांच्यात ऑपरेशन कोणाचं झालंय?"

"आमचं," दादा म्हणाला. "टाके तेवढे याला आहेत."