मानाईचा उजवा खांदा

खोलवाडीच्या मानाईच्या देवळात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. चैत्र अर्धा सरला होता, ऊन मी म्हणत होतं, तरी बायाबापड्या, म्हातारेकोतारे, शिमग्याला येऊन अजून मुंबईला न परतलेले चाकरमानी, सगळे सभामंडपात दाटीवाटीने उभे होते. मानाईने तालुका लोकल बोर्डाला दोनदा 'नाही' म्हटलं होतं आणि आज ती तिसऱ्यांदा काय म्हणते ते बघायचं होतं. बोर्डाला नकार द्यायची छाती दुसऱ्या कुठल्या देवीने दाखवली होती? गावात प्यायला पाणी नव्हतं, पण अभिमान मात्र काठोकाठ भरला होता.

बोर्डाचं म्हणणं तसं साधं होतं. गावाच्या वरच्या अंगाला एक ओढा होता. गावात त्याला पऱ्या म्हणत. पावसाळ्यात तो धो धो वाहायचा, भातखाचरांतली माती उचलून खाली नदीत नेऊन घालायचा आणि माघ संपता संपता कोरडा ठणठणीत पडायचा. त्याला आडवा दगडी बांध घालावा, वरच्या उतारावर चर खणावेत, म्हणजे माती शेतात राहील, पाणी जमिनीत मुरेल आणि गावची विहीर उन्हाळाभर तग धरील, असं बोर्डाचे ओव्हरसियर भिकाजीराव सांगत होते. खेडहून तंगडतोड करत येऊन त्यांनी जागा मोजली, खुंट्या ठोकल्या. पण खोलवाडीत देवीचा कौल घेतल्याशिवाय कुणी गोठ्याचा खांबसुद्धा पुरत नसे. मग बांधाला कुदळ कोण लावणार?

कौलाची रीत अशी. देवीच्या दोन्ही खांद्यांवर जास्वंदीची एकेक पाकळी पाण्यात बुडवून चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी आधी पडली तर नकार. तीस वर्षं हे काम रामा गुरवाने केलं. चार वर्षांमागे तो वारला, मुलगा मुंबईला गिरणीत, म्हणून देवीची आंघोळ, झाडलोट, दिवाबत्ती त्याची बायको सगुणा करू लागली. कौल मात्र बाईच्या हाती द्यायचा नाही असं मानकऱ्यांनी ठरवलं. बाईने घासलेला देव चालत होता, बाईने लावलेली पाकळी चालत नव्हती. सगुणा हे विसरली नाही.

कौल गेला महिपत बुवांकडे. बुवा बारा वर्षं मुंबईत होते. नोकरी सुटली तसे गावी आले आणि त्याच दसऱ्याला मानाई त्यांच्या अंगात आली. देवी जन्मात कधी खेडच्या पलीकडे गेलेली नव्हती, पण बुवांच्या अंगात आली की "बाजू व्हा, मला टायम नाय" असं बोलायची आणि जाताना दोन चमचे साखरेचा चहा मागायची. दर उन्हाळ्यात विहीर आटली की बुवा नारळ-कोंबडी घेऊन पाण्याचं गाऱ्हाणं घालत. मिरगाला पाऊस येई आणि ते गाऱ्हाणं फळाला येई. पाऊस कधी आलाच नाही असं कोकणात झालेलं नव्हतं, त्यामुळे बुवांचा शब्दही कधी फुकट गेला नव्हता.

बुवांनी देवीच्या दोन्ही खांद्यांना शेंदूर लावला आणि दर वेळचंच मोठ्याने म्हणत ते मागे सरले. "मागाहून म्हनाल, बुवान काय तरी केलान. माजा हात नकोच, देवीला कोनाचाबी हात चालतो. सायेब, तुमीच लावा पाकळ्या."

भिकाजीराव पुण्याला शिकून आलेले. असल्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता, पण इतके डोळे पाठीला लागल्यावर ते पुढे झाले. त्यांनी दोन्ही पाकळ्या सारख्याच भिजवून सारख्याच दाबून लावल्या. थोड्या वेळाने डावी पाकळी हळूच सुटली आणि देवीच्या पायाशी पडली. उजवी जिथल्या तिथे. लोकांच्या तोंडून एकच सुस्कारा निघाला. बोर्डाच्या माणसाच्या स्वतःच्या हाताने लावलेली पाकळी बोर्डाविरुद्ध गेली, याहून मोठा चमत्कार तो कुठला?

बुवा घुमायला लागले. "पऱ्या माजी येनी हाय. माजी येनी बांदतास? मला टायम नाय, सांगून ठेवतंय. गावात रोग घालीन."

सगुणा कोपऱ्यात समई सारत होती. रोज सकाळी ती या देवीला पुढूनमागून घासत होती. तिला कधी वेणी दिसली नव्हती.

भिकाजीराव कपाळ पुसत बाहेर आले आणि आप्पा मानकऱ्याला म्हणाले, "पुढच्या सोमवारी गावाचा नकार लिहून घ्यायला येतो. मग हा बांध पलीकडच्या गावाला जाईल. त्यांचा अर्ज वर्षभर पडून आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणा देवीला आंघोळ घालायला गेली, तर कालची उजवी पाकळी अजून खांद्यावर होती. सुकून काळी पडली होती, पण पडली नव्हती. सगुणाने तांब्याभर पाणी ओतलं. पाकळी हलली नाही. फडक्याने पुसायला गेली तर फडकंच चिकटलं. बोट लावलं तर बोटाला तार आली. सगुणाने ती तार दोन बोटांत धरून ताणली, सोडली, पुन्हा ताणली आणि मग समईतलं तेल बोटाला चोळलं. चिकटा झटक्यात निघाला. तिने आजवर किती कच्चे फणस चिरले असतील त्याला गणती नव्हती. शेंदराखाली काय होतं ते तिला कुणी सांगायला नको होतं.

ती घरी येऊन पायरीवर बसली तोच तिची सून मालन नदीवरून आली. मालनला सातवा महिना होता. विहीर आटल्यापासून ती दिवसातून तीनदा डोंगर उतरून नदीवर जात होती. आज तिच्या डोक्यावर हंडा होता, पण काखेतली कळशी नव्हती आणि गुडघ्यातून रक्त येत होतं.

"वळनावर पाय घसरला," मालन म्हणाली. "कळशी गेली खाली. मला काय झाला नाय, आत्ये."

सगुणाने तिला पायरीवर बसवलं. तिने गुडघा धुतला, हळद दाबली आणि देवळात पाहिलेलं सगळं सांगून टाकलं.

"मंग गावाला सांगा ना," मालन म्हणाली.

"सांगू कशी? उद्या इचारतील, तुज्या घोवान लावलेलं कौल तरी खरं कशावरून?"

"मंग ते खरं व्हतं काय?"

सगुणा उठली आणि भांडी घासायला लागली. चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी मात्र तिने महिपत बुवांना गाठलं आणि सोमवारी आपलंही एक घरचं गाऱ्हाणं आहे, कोंबडी देते, असं सांगितलं. बुवा खुशीत हो म्हणाले.

सोमवारी पुन्हा सगळं गाव लोटलं. भिकाजीराव कागद, शाई घेऊन बसले होते. न जाणो साहेब पुन्हा बांधाचं विचारतील, म्हणून बुवा आधीच येऊन देवीला शेंदूर लावून मोकळे झाले होते. सगुणा पुढे झाली.

"पाकळ्या मी लावनार," ती म्हणाली.

आप्पा मानकऱ्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. सगुणा शांतपणे म्हणाली, "बुवाच म्हनालं ना, कोनाचाबी हात चालतो. सायबाचा चालला, मी तर घरची."

बुवांनी हे वाक्य इतक्या वेळा आणि इतक्या मोठ्याने म्हटलेलं होतं की आता ते गिळायची सोय नव्हती. सगुणाने दोन्ही पाकळ्या लावल्या आणि हात जोडले. "आई मानाई, आज सोमवार असंल तर उजवी दे."

डावी पडली.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. भिकाजीरावांनी खिशातून डायरी काढून बघितली, सोमवारच होता. बुवा म्हणाले, "देवीला वार नसतात. पायरी सोडून इचारू नको."

सगुणाने डावी पाकळी पुन्हा भिजवून लावली. उजवीला हात लावायची गरजच नव्हती. "मी सगुणा, रामा गुरवाची बायको, जिती असंन तर उजवी दे."

डावी पडली. मागून एक बहिरी म्हातारी शेजारणीला विचारू लागली, गुरवीण कधी गेली, आणि मंडपात हशा पिकला. बुवा हसले नाहीत. सगुणाने तिसऱ्यांदा डावी लावली.

"आता शेवटचा. महिपत बुवाच्या अंगात येते ती तूच असशील, तर उजवी दे."

आता मात्र बुवांची पंचाईत झाली. पाकळी काय करणार हे सगळ्या देवळात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ते पुढे झेपावले. "थांब. ह्यो कौल खरा नाय."

डावी पडली.

"बुवा," आप्पा मानकरी हळूच म्हणाला, "परवाचा कौल खरा नि आजचा खोटा, ता कसा काय?"

सगुणाने आप्पाला जवळ बोलावलं आणि देवीच्या उजव्या खांद्याला अंगठा लावायला सांगितलं. आप्पाने लावला आणि ओढला. अंगठ्यापासून देवीपर्यंत पांढुरकी तार लोंबली. पुढच्या रांगेतल्या तीन बाया एकदमच म्हणाल्या, "फनसाचा चीक."

बुवा खाली बसले. अंगात यायची वेळ होती, पण देवीही आली नाही. "गिरनीतून काडलान मला," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "गावात कोन इचारीत नवता. पानी आयला तर गाऱ्हाना कोन घालील?" हे शेवटचं वाक्य मात्र अगदी खरं होतं. सगुणाला बुवांचा राग होता, पण ते ऐकून तो थोडा कमी झाला.

तिने तेलाच्या फडक्याने देवीचा खांदा लख्ख पुसला. आप्पाने स्वतः नुसत्या पाण्याने दोन पाकळ्या लावल्या आणि बांधाचं गाऱ्हाणं घातलं. या वेळी उजवी पडली. "मानाय पावली" म्हणत लोकांनी हात जोडले. भिकाजीरावांनी नकाराचा कागद घाईघाईने घडी घालून खिशात टाकला. काम झालं होतं. सगुणा तिथेच गप्प बसती तरी बांध झाला असता आणि गुरवाच्या घराची अब्रूही राहिली असती.

"थांबा," ती म्हणाली.

भिकाजीराव तिच्याजवळ येऊन पुटपुटले, "अहो बाई, होकार मिळाला. आता कशाला?"

"मिळाला, कारन ह्या उजव्या अंगाला दरवाजा हाय," सगुणा सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "वारा हिकडच्या पाकळीला आदी लागतो. ती आदी सुकते नि आदी पडते. दरवाज्याची ही फळी लोटली नि हिकडं पानी जास्ती लावला, तर डावी पडते. माज्या घोवाला ता ठावं व्हता. त्यान कंदी चीक लावलान नाय. पन काय बरं, काय वायट, ता तो आदी मनात ठरवी नि मंग फळी लोटी, नायतर उगडी ठेवी."

आप्पाचा चेहरा उतरला होता. "माज्या भयनीची सोयरीक त्या कौलान मोडली व्हती," तो म्हणाला.

"व्हय. पोरगा दारू पी. तुमच्या बापाशीला तोंडान सांगायची ह्यांची छाती झाली नाय, म्हनून पाकळीकडना सांगवलान." तीस वर्षांच्या संसारातली ही एकच गोष्ट तिने नवऱ्याच्या मागे राखून ठेवली होती आणि ती आज तिनेच उघड्यावर आणली होती. "पन परत्येक गुरव काय भला नसतो. माज्या घोवाच्या हातात व्हता ताच बुवाच्या हातात गेला नि तुमी दोगांनाबी सारकंच हात जोडलंत. पाकळीला काय कळतं? तिला ना तान लागत, ना तिला डोंगर उतरायचा. माजी सून सात म्हयन्यांची, परवा वळनावर पडली. बांद पायजे का नको, ता ज्याला तान लागते त्यान सांगा. तोंडान सांगा."

पाकळीवर हवाला ठेवायची सवय झालेल्या गावाला स्वतःच्या तोंडाने बोलणं जड जात होतं. मग मंडपाच्या कडेला, खांबाला टेकून उभी असलेली मालन म्हणाली, "पायजे."

तिच्यामागून त्या तीन बाया म्हणाल्या. मग चाकरमानी, मग म्हातारे. आप्पाने पाळी आपल्यावर येईपर्यंत वाट बघितली आणि तोही म्हणाला. महिपत बुवांनी, बांधाला माणसं लागतील का, एवढंच भिकाजीरावांना विचारलं. लागतील, असं भिकाजीराव म्हणाले.

सगळे पऱ्याकडे निघाले. ऊन चढलं होतं. भिकाजीराव आनंदाने पुढे चालत, इथे बांध, तिथे चर, असं हाताने दाखवत होते. पहिल्या खुंटीपाशी आप्पा मानकरी थांबला.

"सायेब, बांद ह्याच जागी कशापायी? तिकडं वर का नाय?"

भिकाजीराव गोंधळले. इतक्या वेळा ते या गावात आले होते. देवी काय म्हणते हे सगळ्यांनी विचारलं होतं, त्यांनी काय मोजलं हे एकानेही विचारलं नव्हतं.

"बोर्डाने मंजूर केलीय ही जागा," ते म्हणाले.

"ता झाला," सगुणा म्हणाली. "पन का? सायबान सांगितला म्हनून मान डोलवायची, तर मंग पाकळी काय वायट व्हती? आमाला समजंल असा सांगा."

भिकाजीरावांनी टोपी काढून बाजूला ठेवली, ते पऱ्याच्या कोरड्या वाळूत उकिडवे बसले आणि काटकीने उतार काढून दाखवायला लागले.