हैबती सकपाळांचं मृत्युवर्ष

आमच्या महाडच्या वाचनालयात प्रत्येक लेखकाचं एक कार्ड होतं. त्यावर नाव, जन्माचं साल, मग एक रेघ आणि मरणाचं साल. जुने लेखक सगळे वेळच्या वेळी मेले होते, त्यामुळे माझी कार्डं स्वच्छ होती. अपवाद एकच. हैबती सकपाळ, १९१२, रेघ, आणि पुढे काही नाही. हा शाहीर घर सोडून मुंबईला गेला त्यानंतर तो आहे की गेला, कोणालाच ठाऊक नव्हतं. ग्रंथपाल म्हणून मला त्याचा भयंकर राग यायचा.

त्र्याऐंशी साली त्याच्या गावच्या मंडळाने त्याचं गाण्यांचं पुस्तक पुन्हा छापायचं ठरवलं. छापखान्याचे जुल्फिकारभाई आधी वकिलाला विचारून आले. लेखकाच्या मरणानंतर पन्नास वर्षं हक्क वारसांचा. जिवंत असेल तर सही त्याची, मेला असेल तर बायकोची. इतकी वर्षं पत्ता नाही म्हटल्यावर कायदा त्याला मेलेला मानायला तयार होता. फक्त बायकोने तसं लिहून द्यायला हवं होतं.

"तुम्ही जा," जुल्फिकारभाई मला म्हणाले. "मी लग्नपत्रिका छापणारा माणूस. मला हे विचारता येणार नाही."

पोलादपूरला एस.टी.तून उतरून मी वस्तीपर्यंत चढलो. त्याची बायको सुंदराबाई अंगणात नाचणी पाखडत होत्या. कपाळावर ठसठशीत कुंकू. मी कायदा समजावून सांगितला.

"म्हणजे मावशी, ते वारले असं तुम्ही लिहून द्यायचं."

"कुनी सांगितलं तुमाला वारले म्हनून?"

"कोणी नाही. कार्ड रिकामं आहे."

"मंग ऱ्हाऊ दे रिकामं. उटा."

मी उठलो. पण चढून आल्याचा राग होताच. म्हणालो, "पुस्तक निघालं असतं तर मुंबईच्या दुकानांत लागलं असतं."

सूप थांबलं. "मुंबईला जातंय पुस्तक? मंग ह्यांच्या नावाम्होरं काय छापनार?"

"कालकथित." दिवंगताच्या नावाआधी आम्ही बौद्ध हाच शब्द लावतो.

सुंदराबाई चक्क हसल्या. "लई तापट मानूस, मास्तर. गान्यांनी चूल पेटत नाय, येवडंच म्हनले मी. तसे उटले नि गेले. जितेपनी मेला छापलंय म्हटल्यावर गप बसतील व्हय? भांडायला येतील."

"आणि नाही आले तर?"

त्यांनी पदराला हात पुसला आणि अंगठा पुढे केला. मी शाई लावली. मला फार वाईट वाटलं. मरणाचं साल कोणतं घालायचं, हे विचारायला मी आलो होतो, पण ते काही माझ्याने विचारवलं नाही.

मी उतरणीला लागलो तशी मागून हाक आली.

"मास्तर, पुस्तकावर घराचा पत्ता घाला. म्होट्या अक्षरांत."

"लेखकाचा पत्ता छापत नाहीत, मावशी."

"तुमी छापा. दरड आली त्या साली वस्ती वर हलली. त्येना घर गावायचं नाय."