चोरघंटीला चोर मिळेना

सुती वेष्टणाची तांब्याची बारीक तार.

गावच्या नाटकात यम झालेला माणूस पुढे औषधाचं दुकान काढतो. दुकान चालत नाही.

मनकर्णाबाईंचा डावा गुडघा.

दाराला एक पितळी पट्टी, चौकटीला एक. दार लावलं की दोघींची गाठ पडते.

"माह्या पोरीची सोयरीक चालू हाय. मले चोर नका बनवू."

हे सगळं चिखलीतलं, त्रेसष्ट सालातल्या एका दुपारचं. देऊळगाव राजाचा शेषराव वायरमन भगवंतराव कापूसवाल्यांच्या गोदामाला चोरघंटी बसवत होता. वाजली, तर बाजारातल्या बाकीच्या गोदामांचं काम त्याला मिळणार. नाही वाजली, तर जालन्याला मेहुण्याच्या दुकानात, मेहुण्याच्या हाताखाली, जन्मभर. मेहुणा कसा आहे हे सांगायला वेगळी गोष्ट लागेल.

तारेचा रस्ता: बॅटरी, पुढचं दार, मागची खिडकी, पुन्हा बॅटरी.

"दार उघडलं, नाहीतर तार तुटली, की घंटी वाजते," शेषराव म्हणाला.

"तुटल्यावर बंद पडते, मिस्त्री. शेंबड्या पोरालेबी समजते."

"मालक, गोठ्यात बैलाच्या गळ्यातली घुंगरं रातभर वाजतात. तुम्ही जागे कधी होता?"

भगवंतरावांनी विचार केला. "थांबली की."

"तसंच. करंट फिरतो तोवर घंटी गप. थांबला की बोंबलली."

"मंग चोर आणून दाखव. तू नको, तुले तार ठाऊक हाय."

इथे अडलं. भगवंतरावांचे हमाल एकेक करून मागे सरकले. चिखलीत माणूस एकदा चोर झाला की धुवायला पिढ्या जातात. त्यांनी त्या यमाचं उदाहरण दिलं. एकाने पोरीची सोयरीक पुढे केली.

शेवटी भगवंतरावांची आई मनकर्णाबाई उठल्या. "मी होतो चोर. मले चोर म्हणायची कोणाची छाती हाय?"

डोक्यावर पदर घेऊन, गुडघा सांभाळत, देवळात जावं तशा त्या गोदामात शिरल्या. राखणदार कडूबाचा तांब्या चोरून बाहेर आल्या.

घंटी गप.

शेषरावला जालना दिसलं.

कारण सापडलं. घंटी बंद करायची चावी दाराबाहेर होती, आणि ती कडूबाने फिरवली होती.

"काऊन बे बंद केली?" भगवंतराव ओरडले.

"मायबाई आत जाऊन राह्यल्या, आन् त्याईच्यावर घंटी बोंबलू देऊ?"

"अबे, त्या चोर होत्या!"

"तुमच्यासाठी असतीन."

"चालू कर ते. आन् आता चावीले हात लावला तर नोकरी गेली समज!"

"हाव," कडूबा म्हणाला. त्याने दार लावलं, चावी फिरवली, काढून कमरेला खोचली आणि खाली बसला.

दुसरा चोर काही पुढे येईना, तेव्हा भगवंतराव घरी जायला वळले. शेषरावने कोणाला विचारलं नाही. तो पळत मागे गेला, खिडकी ढकलली आणि अर्धा आत गेला.

घंटी अशी वाजली की कबुतरं उडाली. पलीकडच्या गोदामांतली माणसं काठ्या घेऊन धावली. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. त्यांना खिडकीतून लोंबणारे दोन पाय दिसले.

"वाजली! मालक, वाजली!" शेषराव आनंदाने ओरडत होता. मार पडत होता.

"मिस्त्री हाय तो!" भगवंतराव ओरडले. घंटीपुढे कोणाला ऐकू येईना. त्यांनी कडूबाला हाताने खूण केली: बंद कर. कडूबाने मान हलवली. नोकरीचा प्रश्न होता.

मनकर्णाबाईंनी हात पुढे केला. कडूबाने चावी लगेच दिली.

घंटी थांबली. त्या शांततेत शेवटची थप्पड फार स्पष्ट ऐकू आली. ती डाळवाल्या उत्तमरावांची होती. काय प्रकार आहे ते कळल्यावर त्यांनी शेषरावला उभं केलं, त्याची टोपी झटकून दिली.

"जबरी वाजते बे! माह्या गोदामाले कधी लावतं?"

"हात सरळ झाला की," शेषराव म्हणाला.

गोदामातला सगळा कापूस आदल्या आठवड्यातच जिनिंगला गेला होता.