पिंकीच्या कमरेचा ताईत

दर अमावास्येला विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यात एका पत्र्याच्या शेडसमोर अशी रांग लागायची की वाटावं, रेशनवर रॉकेल आलंय. आत दोरेबाबा बसायचे. गळ्यात माळा, हातात मोरपीस आणि तोंड अखंड चालू.

"नजर कमरेतून चढते, छातीत मुक्काम करते आणि डोक्यात गेली की खल्लास!" बाबा मोरपीस नाचवत. "म्हणून मी कमरेलाच नाका बसवतो. ताईत बांधला की चतुर्थीच्या आत विष बाहेर पडणार. पुरळ उठलं की समजा, ताईत भरला. सोडायचा आणि खाडीत टाकायचा. उघडलात, तर लेकराचे डोळे गेले म्हणून समजा!"

आणि खरंच तसं व्हायचं हो! आमच्या चाळीतल्या मनोरमाबाईंची नात पिंकी, दीड वर्षाची. अमावास्येला ताईत बांधला की चतुर्थीच्या आत कमरेभोवती लालभडक पुरळ, त्यावर फोड. ताईत खाडीत गेला की हळूहळू सगळं साफ. पुढच्या अमावास्येला परत ताईत, परत पुरळ. आधी सांगून उठवणारा आणि सांगून घालवणारा बाबा, आणखी काय चमत्कार हवा? लोक पायावर डोकी आपटत होते.

मी दिनानाथ, मनोरमाबाईंच्या शेजारच्या खोलीतला. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे चाळीत मला कुणी मनावर घेत नाही. पिंकीला मे महिन्यात साधं घामोळं आलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सैल कपडे घाला, अंग कोरडं ठेवा. एवढंच? इंजेक्शन नाही, काही नाही? मनोरमाबाईंचा विश्वासच बसेना, आणि त्या बाबाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. पुढचं पुरळ दाखवायला नेलं, तेव्हा ताईत कधीच खाडीत गेलेला. डॉक्टरीणबाईंनी तरी काय ओळखावं?

दर खेपेला फोड वाढत होते. गेल्या खेपेला तर चिघळले, पोरीला ताप भरला. तेव्हा बाबांनी नवीनच काडी टाकली.

"हिला रोज कुणी बाहेरची बाई भरवते का?"

भरवायची ना! समोरच्या खोलीतली हिल्डा. पिंकीचा बाप आखातात, आई क्षितिजा अंधेरीला नोकरीला. पोर दिवसभर हिल्डाच्या कडेवर. मनोरमाबाईंचे गुडघे धरलेले, त्यांच्याच्याने ते कुठलं होणार!

बाबांनी डोळे मिटले. "तीच! पुढच्या अमावास्येआधी ती चाळीतून गेली नाही, तर पोर हाती लागणार नाही."

झालं! काल जिच्याकडून वाटीभर खतखत्याची भाजी घेतली, तिच्या तोंडावर बायकांनी दारं लावली. हिल्डा व्हरांड्यात रडत उभी राहिली. "वर्सभर पोरीला पानी पाजलं, भात भरवला, आनि मी चेटकीन?" दुसऱ्या दिवशी पिशवी भरून ती अर्नाळ्याला आईकडे निघून गेली. पिंकी तिच्या बंद दाराला थापा मारत बसली. क्षितिजाला बिनपगारी रजा टाकावी लागली, साहेबानं नोकरी जाण्याची धमकी दिली. मला इतका संताप आला की मी म्हटलं, बघूच या बाबाला.

पुढच्या अमावास्येला मीही रांगेत गेलो. माझं लक्ष मोरपिसाकडे नव्हतं, हातांकडे होतं. एक गंमत दिसली. बाबा ताईत कधीच बोटांनी उचलत नव्हते. विड्याच्या पानात धरायचे, आणि बांधायचं काम घरच्यांवर सोडायचे. एवढं पवित्र असेल तर हात लावायला भीती कसली?

पिंकीची पाळी आली. मनोरमाबाईंनी ओंजळ पुढे केली, तेवढ्यात मी तो ताईत उचलला आणि आपल्या दंडाला घट्ट बांधला.

"अहो, काय करता!" बाबा किंचाळले. "तो पोरीच्या नावानं भारलाय!"

"मग मला काही व्हायचंच नाही."

"तुम्हाला कशाला हवाय? या वयात तुमच्यावर कोण नजर टाकणार?"

सगळी शेड हसली. मीही हसलो. म्हटलं, "अगदी बरोबर बोललात बाबा. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा."

मनोरमाबाईंनी वाटेत माझा उद्धार केला. पोरीचं काही बरंवाईट झालं तर तुमच्या दारात डोकं फोडीन, म्हणाल्या. पण क्षितिजानं ठाम सांगितलं, "आई, चतुर्थीपर्यंत थांबायचं."

चतुर्थीला पिंकीची कंबर लोण्यासारखी मऊ, आणि माझ्या दंडाला टचटचीत फोड! रात्रभर झोप नाही, खाजवून जीव नकोसा झाला. तरी सकाळी मी व्हरांड्यात सगळ्यांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर कात्रीनं त्या कापडी ताईताची शिवण उसवली. आत एक काळं, चपटं बी. सुईनं टोचलेलं, चिकट तेल गळणारं.

मनोरमाबाईंनी वाकून ते निरखलं.

"अगं बाई! हा तर बिब्बा! आमच्या गावी वडिलांच्या गुडघ्याला लावला होता. असाच उतला होता, कातडी सोलून निघाली होती." मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आणि मी माझ्या हातानं लेकराच्या कमरेला बांधत होते."

मी फक्त विचारलं, "ताईत पिंकीच्या नावाचा, फोड माझ्या दंडाला. आणि हिल्डा तर अर्नाळ्यात. मग ही नजर कुणाची?"

बिब्ब्याच्या तेलानं कातडी भाजायची, फोड आले की बिब्बा काढायला लावायचा, आणि आपोआप बरं होणाऱ्या जखमेचं श्रेय लाटायचं, एवढीच काय ती सिद्धी. त्याच सकाळी सगळी चाळ शेडवर गेली. क्षितिजानं तो बिब्बा पुढे धरला. "बाबा, हा तुमच्या कमरेला बांधा. आम्ही चार दिवस इथंच बसतो." बाबांना एकाएकी समाधी आठवली. मी पोलिसांना फोन केला. ते यायच्या आत बाबा मागचा पत्रा उचकटून पसार होण्याच्या बेतात होते, पण माळा खिळ्याला अडकल्या.

मनोरमाबाई धरलेल्या गुडघ्यांनी एसटीनं अर्नाळ्याला गेल्या. हिल्डा दारात आली, पण आत या म्हणाली नाही. मनोरमाबाईंनी हात जोडले. हिल्डानं आधी पिंकीच्या फोडांची चौकशी केली. मग म्हणाली, "तुमच्यासाटी नाय येत. पोरीसाटी येते." ती आली, पण मनोरमाबाईंच्या घरचा चहा काही तिनं पुन्हा घेतला नाही. फोड पंधरवड्यात गेले, हिल्डाच्या मनातलं दुखणं मात्र जात नाही.

म्हणून सांगतो. पोराच्या अंगावर काही उठलं तर डॉक्टरकडे जा, आणि अंगावर जे जे बांधलंय, लावलंय, ते सगळं दाखवा. शेजारणीचं नाव घेण्याआधी आपल्या हातानं बांधलेला दोरा सोडून बघा.