‘कट्’ वाजल्यानंतर

बोल्ट आवळायचा आणि मग तो सुटेपर्यंत हलवायचा, हे माझं काम. बावीस वर्षं झाली. लोकांना सांगितलं की आधी हसतात, आणि मग लिफ्टमध्ये माझ्यासोबत चढले की हळूच विचारतात, "हिचे बोल्ट ठीक आहेत ना हो?" जसं काही जगातल्या प्रत्येक लिफ्टचं पालकत्व मीच घेतलंय!

काम दिसायला सोपं आहे. दोन जाड लोखंडी पट्ट्या, त्यांतून एक बोल्ट, वर नट. आवळायला आमच्याकडे टॉर्कचा पाना असतो. ठरलेला जोर भरला की तो ‘कट्’ असा आवाज करतो. कट् वाजलं की थांबायचं, असा नियम भिंतीवर चिकटवलेला आहे, आणि तो मीच चिकटवलाय. मग पट्ट्या मशीनवर चढवायच्या. मशीन त्यांना गदागदा हलवतं, आणि कितव्या हिसक्याला बोल्ट सैल पडला तो आकडा लिहून ठेवायचा.

तीन वर्षांपूर्वी आमच्या साहेबांनी प्रयोगशाळेला एका ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर नेऊन बसवलं. चार ठिकाणच्या चार प्रयोगशाळांनी मिळून एकच प्रयोग करायचा, आकडे एकाच तक्त्यात टाकायचे, एकमेकांचे तपासायचे, खाली शेरे लिहायचे. उंच इमारतींच्या काचा पुसणारी माणसं ज्या पाळण्यात उभी राहतात, त्याचे बोल्ट किती दिवसांनी तपासायचे हे त्या तक्त्यावरून ठरणार होतं. नावं कोणी घ्यायची नाहीत, फक्त नंबर. आम्हाला दोन नंबर मिळत होता, पण "लोक काय म्हणतील" म्हणून साहेबांनी भांडून तीन घेतला. त्यापलीकडे साहेबांनी प्लॅटफॉर्मसाठी काही केलं नाही. पासवर्डसुद्धा माझ्याच डोक्यात.

आमचे बोल्ट सरासरी सव्वीसशे हिसके टिकायचे. एक नंबरचेही तेवढेच, दहा-वीस इकडेतिकडे. दोन नंबरवाले बोल्टला हातच लावत नसत. ते आमच्या आकड्यांवरून संगणकात आलेख काढत आणि सगळ्यांना तारखा देत. राहता राहिली चार नंबर. तिचे बोल्ट साडेसतराशेच्या आसपास सुटायचे. दर वेळी.

चार नंबर म्हणजे एकटी एक मुलगी, संशोधन करणारी. आधी तिने पाना बदलला, मग बोल्टचा पुरवठादार बदलला, मग मशीन पायापासून तपासून घेतलं. आकडा ढिम्म हलला नाही. मला तिचा रागच यायचा. आमचा सुंदर, सरळ आलेख आणि खाली कोपऱ्यात हिचे ठिपके! एकदा न राहवून मी सगळ्यांसमोर शेरा मारला, "आधी बोल्ट आवळायला शिकावं, मग आकडे टाकावेत." त्याखाली तिने लिहिलं, "बरं ताई, पुन्हा करून बघते." आणि तिने आणखी चाळीस बोल्ट केले. साडेसतराशे.

शेवटी दोन नंबरने फर्मान काढलं. प्रत्येकाने बोल्ट आवळतानाचा व्हिडिओ गुरुवारपर्यंत टाकायचा. शुक्रवारी दुपारपर्यंत फरकाचं कारण सापडलं नाही, तर चार नंबरचे सगळे आकडे ‘संशयास्पद’ म्हणून तक्त्यातून काढून टाकायचे. म्हणजे तिची तीन वर्षं पाण्यात. तिचा प्रबंध त्या आकड्यांवरच उभा होता. मी म्हटलं, बरं झालं, एकदाचा सोक्षमोक्ष लागेल.

व्हिडिओसाठी मी आमच्या ह्यांना प्रयोगशाळेत घेऊन गेले. हे आयुष्यभर लग्नाचे फोटो काढत आले, आता निवृत्त आहेत, आणि हातातली कला कुठे दाखवायला मिळत नाही म्हणून घरात चिडचिड करत असतात. बुधवारी सकाळी तिपाई, दोन दिवे आणि गळ्यात मफलर असा सगळा लवाजमा घेऊन आले.

"जरा मान वर कर," हे म्हणाले.

"अहो, बोल्टचा व्हिडिओ आहे, माझा नाही."

"बोल्ट काय, नवरी काय, उजेड डावीकडूनच पाहिजे."

तीन मिनिटांच्या कामाला ह्यांनी अडीच तास लावले. शिवाय घरी जाऊन त्याला संगीत लावलं. गुरुवारी सकाळी मी डबा भरत होते, तेव्हा फोन माझ्या नाकासमोर धरून म्हणाले, "बघ, शेवटचा शॉट काय जमलाय! मी तो सावकाश करून ठेवलाय."

"कुठला शेवटचा?"

"अगं, तो आवाज होतो ना, आणि मग तू तळहाताने पान्याला जो झोक देतेस, तो. काय डौल आहे तुझ्या हाताला!"

मी भाजीचा डाव हातात तसाच धरून बघत राहिले. व्हिडिओत कट् वाजलं. माझा उजवा हात थांबला. आणि मग, जराही घाई न करता, तळहात पान्याच्या दांड्यावर टेकला आणि एक दाब देऊन आला. नट नखभर पुढे सरकला. सावकाश केल्यामुळे तर तो चांगला हातभर सरकल्यासारखा वाटत होता. मागे सनई.

"हे मी दर वेळी करते?"

"काल सात वेळा काढलं आपण. सातही वेळा केलंस."

ही सवय आमच्या वस्तादांची. मी कामाला लागले तेव्हा ज्यांच्या हाताखाली शिकले ते वस्ताद कट् वाजल्यावर पान्याला एक थाप द्यायचे, आणि मगच "हं" म्हणायचे. त्यांनी ते कधी शिकवलं नाही, मी कधी शिकले नाही, पण हाताने उचललं ते उचललंच. तक्त्यात ‘हात’ नावाचा रकाना नव्हता. म्हणजे माझे बोल्ट दमदार नव्हतेच. मी ते नियमापेक्षा जास्त आवळत होते. आणि मीच त्या मुलीला आवळायला शिक म्हणून सांगितलं होतं! मला इतकी लाज वाटली की मी डबा न घेताच निघाले.

दारात थांबून म्हटलं, "अहो, परत काढू या. मी हात खिशात घालून ठेवीन."

"काढू की," हे म्हणाले. "आणि आधीचे तीन वर्षांतले सगळे बोल्ट? तेही परत आवळणार?"

एरवी ह्यांना बोल्ट आणि खिळा यांतला फरक कळत नाही. पण बोलले ते बरोबर होतं.

साहेबांना सांगितलं तर त्यांनी आधी दार लावून घेतलं. "बाई, आपला आकडा दोन अहवालांत छापून गेलाय. त्या मुलीचं काय, लहान आहे, दुसरा विषय घेईल. सोमवारी बघू."

"साहेब, सोमवारी बघायला तिचे आकडे उरणार नाहीत. आणि पाळण्यातला माणूस आपल्या आकड्यावर भरवसा ठेवून विसाव्या मजल्यावर उभा राहील. त्याला काय सांगायचं, बाईंच्या हाताला डौल होता?"

"तुम्ही फार तोडून बोलता."

"हो, बोलते."

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग हात तसाच ठेवून म्हणाले, "पासवर्ड तुमच्याकडेच आहे ना? मग मला विचारलंच नाही असं समजा." आमच्या साहेबांचं शौर्य एवढंच, पण त्या दिवशी तेही पुरलं.

मी व्हिडिओ चढवला, सनईसकट. ती काढायची कशी हे मला येत नव्हतं. खाली लिहिलं: "कट् वाजल्यानंतर माझा हात बघा. माझे दोनशे बारा आकडे जास्तीचे आहेत. चार नंबर बरोबर असावी. मी तिला जे बोलले ते चुकीचं होतं आणि मला त्याचं वाईट वाटतं." शेवटचं वाक्य लिहायला मला बाकीच्या सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागला.

तासभर मी ते पान पुन्हा पुन्हा उघडून बघत होते. मग एक नंबरच्या तंत्रज्ञाचा शेरा आला. तीन वर्षांत त्याने आकड्यांशिवाय काही लिहिलं नव्हतं. "आत्ता आमचा व्हिडिओ नीट पाहिला. मीही थाप देतो. तुमचे वस्ताद डावखुरे होते का? थाप दिल्यावर ‘हं’ म्हणायचे का?" वस्ताद डावखुरेच होते. एकाच माणसाचे दोन शिष्य दोन टोकांना बसून एकमेकांचे आकडे जुळतात म्हणून खूश होत होतो, आणि चार नंबरला खोटं पाडत होतो.

दोन नंबर मात्र हट्टाला पेटले. व्हिडिओ हा पुरावा नव्हे, आकडा दाखवा, शुक्रवार दुपार म्हणजे शुक्रवार दुपार. म्हणून शुक्रवारी सकाळी प्लॅटफॉर्मवर सगळ्यांसमोर, कॅमेरा चालू ठेवून, मी बोल्ट आवळायला उभी राहिले. पडद्यावर एका चौकटीत चार नंबर. तिला मी पहिल्यांदाच पाहत होते. चष्मा नवा दिसत होता, केस कसेबसे बांधलेले, आणि हनुवटी टेबलावर टेकवून बसली होती.

पान्यावर जोर भरला. कट्. माझा हात उठलाच. बावीस वर्षांचा हात तो, एका रात्रीत कसा सुधारणार! ह्यांनी कॅमेऱ्यामागून खाकरून दाखवलं, आणि मी तो हात मागे घेऊन कमरेवर ठेवला. मनातून नट सैलच वाटत होता. पट्ट्या मशीनवर चढवल्या आणि कळ दाबली.

हजार झाले. पंधराशे झाले. सोळाशेला बोल्ट तसाच ठाम, आणि माझ्या मनात येऊन गेलं, की नाही सुटला तर? मग थापेचा काही संबंधच नाही, आणि ही पोरगी उगाच आशेला लागली. सतराशे. तिने हनुवटी उचलली. सतराशे बासष्टला नट हलला, फिरला, आणि मशीन आपोआप थांबलं.

इतका खराब आकडा मी आयुष्यात लिहिला नव्हता. तो तक्त्यात भरला, आणि तो सरळ जाऊन तिच्या ठिपक्यांमध्ये बसला. दोन नंबरचा शेरा लगेच आला, की चार नंबरचे आकडे राहतील, एक आणि तीनचे पुन्हा करावेत. साहेब मागे उभे होते, ते हळूच सटकले.

"झालं ना ग समाधान?" मी पडद्याकडे बघून विचारलं. आवाज जरा जास्तच चढला.

तिने चष्मा काढून बाजूला ठेवला, ओढणीने डोळे पुसले, चष्मा पुन्हा घातला.

"ताई," ती म्हणाली, "परत एकदा करता? मला पुन्हा बघायचंय."

मी डब्यातून दुसरा बोल्ट काढला.