आधीच धरलेलं चिन्ह

मयुरीनं संगणकाच्या पडद्यावरची ती ओळ निवडली, पण खोडली नाही. फोनवर दीपक पुण्याहून बोलत होता.

"अगं, ते चिन्ह कशासाठी आहे हे गटात कुणालाच माहीत नाही. माहितीपुस्तिकेत त्याच्यापुढे लिहिणार काय?"

"शेखरनं घातलंय ते. काही कारण असेलच."

"असेल. पण आता विचारायचं कुणाला?" तो म्हणाला, "काढून तर बघ. काही बिघडलं तर परत ठेवू."

सी या संगणकभाषेतला कोड तपासून चुका दाखवणारं ते साधन शेखरनं, तिच्या नवऱ्यानं, उभं केलं होतं. कोड वाचायला घेण्याआधीच ते काही चिन्हं ठरलेली धरून चाले: प्रोसेसर कोणता, कोड यंत्रभाषेत उतरवणारा कंपायलर कोणता. प्रत्येक चिन्हाचा अर्थ लिहून ठेवायचं काम त्यानं हाती घेतलं, आणि हिवाळ्यात मेंदूतल्या रक्तस्रावानं तो गेला. मयुरी, दीपकसारखीच, त्याच्याच गटात कामाला होती. ती चिखलीला सासू-सासऱ्यांकडे आली आणि त्याचं अर्धं राहिलेलं वाक्य जिथं थांबलं होतं तिथून लिहू लागली. लिहिताना कधीकधी त्याचाच शब्द तिच्या हाताशी येई. बाकी सगळी चिन्हं लिहून झाली होती. उरलं होतं त्या ओळीतलं हे एकच, ‘स्मॉल स्टॅक’ नावाचं.

तिनं ओळ खोडली आणि चाचण्या सुरू केल्या. पडद्यावर हिरव्या ओळी उतरू लागल्या. ती बिघाड दाखवणाऱ्या लाल ओळीची वाट बघत होती. एक तरी. ती आली नाही.

"झालं?" दीपकनं विचारलं.

"झालं." तिनं फोन ठेवला आणि ओढणी तोंडाशी धरली.

पंचफुलाबाई, तिच्या सासूबाई, भाजी निवडायची टाकून आत आल्या.

"काऊन रडून राह्यली व? काही बिघडलं काय?"

"नाही, आई. त्यांनी घातलेलं एक काढून टाकलं मी. काहीच नाही बिघडलं."

सासूबाई तिच्याशेजारी खाली टेकल्या. बोटांना चिकटलेलं मेथीचं पान त्या उगाच चोळत राहिल्या.

"दरसाली पेरणीले येत जाये तो," त्या म्हणाल्या. "औंदा त्याच्याबिगर पेरलं. मले वाटे, उगवणारच नाही."

त्यांनी मयुरीच्या पाठीवर हात ठेवला.

"उगवलं, माय."